काचेच्या नळीतला ध्वनी : कुंट यांच्या प्रयोगाचा इतिहास

काचेच्या आडव्या नळीत हलकी भुकटी पसरून आत एखादा तीव्र स्वर घुमवला, की भुकटीत खळबळ उडते आणि थोड्याच वेळात ठरावीक अंतरावर तिचे लहान लहान ढीग साचतात. स्वर थांबला तरी ढीग जागेवर राहतात. त्यांच्यामधले अंतर साध्या मोजपट्टीने मोजता येते आणि ते त्या स्वराच्या तरंगलांबीच्या निम्मे असते. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ आउगुस्ट कुंट यांनी हा प्रयोग १८६६ साली प्रसिद्ध केला. आज तो शाळा-महाविद्यालयांत ध्वनी डोळ्यांना दाखवण्यासाठी केला जातो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र तो संशोधनाच्या आघाडीवर होता. वायूच्या एका रेणूत किती अणू असतात, या प्रश्नाचा निवाडा या नळीने केला आणि आवर्तसारणीत एका नव्या कुटुंबाला जागा मिळवून देण्यातही तिचा मोठा वाटा होता.

प्रयोगाचे तत्त्व सोपे आहे. नळीच्या एका टोकाकडून निघालेला ध्वनितरंग दुसऱ्या बंद टोकावर आपटून उलट फिरतो. जाणारा आणि येणारा असे दोन सारखे तरंग एकमेकांत मिसळले आणि नळीची लांबी जुळून आली, तर नळीत स्थिर तरंग तयार होतो. त्यात काही जागी हवेचे कण मुळीच पुढेमागे होत नाहीत. हे निस्पंद बिंदू. त्यांच्या मधोमध कणांची हालचाल सर्वाधिक असते. हे प्रस्पंद बिंदू. लगतच्या दोन निस्पंदांमध्ये बरोबर अर्धी तरंगलांबी मावते. तरंगलांबीला वारंवारतेने गुणले की ध्वनीचा वेग मिळतो. म्हणजे निस्पंद कुठे आहेत एवढे दिसले, तर हातभर नळीतही ध्वनीचा वेग मोजता येतो. अडचण एवढीच होती की हवा पारदर्शक आहे आणि निस्पंद दिसत नाहीत.

तोफांपासून नळ्यांपर्यंत

सतराव्या-अठराव्या शतकांत ध्वनीचा वेग मोजायचा म्हणजे मोकळे मैदान, तोफ आणि घड्याळ लागे. दूरवर तोफ डागायची, ज्वाळा दिसल्यापासून आवाज ऐकू येईपर्यंतचा वेळ मोजायचा आणि अंतराला त्या वेळाने भागायचे. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने १७३८ साली अशी मोजणी काळजीपूर्वक केली. जून १८२२ मध्ये गे-ल्युसॅक, आरागो, हंबोल्ट आदी शास्त्रज्ञांनी पॅरिसजवळच्या व्हिलजुइफ आणि माँलेरी या दोन ठिकाणांवरून रात्री तोफा डागून ती पुन्हा केली. दोन्ही ठाण्यांमधले अंतर सुमारे साडेअठरा किलोमीटर होते. त्या रात्रीच्या तापमानाला वेग सेकंदाला सुमारे ३४१ मीटर भरला.

या आकड्यांमागे एक जुना प्रश्न उभा होता. आयझॅक न्यूटन यांनी १६८७ साली 'प्रिन्सिपिया'त हवेचा दाब आणि घनता यांवरून ध्वनीचा वेग काढण्याची रीत दिली होती. तिने येणारे उत्तर प्रत्यक्ष वेगापेक्षा सुमारे १५ टक्के कमी होते. ही तफावत शंभराहून अधिक वर्षे टिकली. अखेर १८१६ साली पिएर-सिमाँ लाप्लास यांनी कारण दाखवले. तरंगात हवा दाबली जाते तेव्हा ती किंचित तापते आणि विरळ होते तेव्हा किंचित थंड होते. हे बदल इतके झटपट घडतात की उष्णतेला इकडून तिकडे जायला वेळच मिळत नाही. म्हणून न्यूटन यांच्या सूत्रात एक गुणक घालावा लागतो. वायूचा दाब कायम ठेवून तो तापवायला लागणारी विशिष्ट उष्मा आणि घनफळ कायम ठेवून लागणारी विशिष्ट उष्मा यांच्या गुणोत्तरावर तो गुणक ठरतो. हे गुणोत्तर गॅमा या ग्रीक अक्षराने लिहितात. हवेसाठी त्याचे मूल्य सुमारे १.४ आहे.

लाप्लास यांच्या दुरुस्तीमुळे ध्वनीच्या वेगाला नवे महत्त्व आले. विशिष्ट उष्मांचे गुणोत्तर थेट मोजणे फार कठीण. पण वेग, दाब आणि घनता कळली, की तेच गुणोत्तर हिशेबाने काढता येते. म्हणजे ध्वनी हे वायूच्या अंतरंगात डोकावण्याचे साधन ठरू शकत होते. त्यासाठी हवेखेरीज इतर वायूंतला वेग मोजायला हवा होता. हायड्रोजनने किंवा कार्बन डायऑक्साइडने मैदान भरणे कोणालाही शक्य नव्हते. मोजणी नळीत आणणे भागच होते.

नळीत ध्वनीचा वेग मोजण्याचा एक प्रयत्न झाँ-बाप्तिस्त बिओ यांनी पॅरिसमध्ये १८०८ साली केला. पाणीपुरवठ्यासाठी जोडलेल्या बिडाच्या नळांची ९५१ मीटर लांबीची रांग त्यांना मिळाली. एका टोकाला ठोका दिला की दुसऱ्या टोकाला दोन आवाज ऐकू येत. पहिला धातूतून आलेला आणि सुमारे अडीच सेकंदांनी दुसरा, आतल्या हवेतून आलेला. यातून बिडातला वेग हवेतल्यापेक्षा दसपटीहून अधिक असल्याचे दिसले. तरीही त्यासाठी जवळजवळ एक किलोमीटर लांबीचा नळ लागला होता.

वाद्यांच्या अभ्यासातून दुसरा मार्ग निघाला. जोझेफ सोव्हर यांनी १७०१ च्या सुमारास तारेवरच्या स्थिर आणि फुगीर जागांचे वर्णन केले होते. दानिएल बेर्नुली यांनी १७६२ साली ऑर्गनच्या नळ्यांमध्ये हवेचा स्तंभ कसा कंप पावतो याचे गणित मांडले. नळीची लांबी माहीत असेल आणि तिच्या स्वराची उंची ओळखता आली, तर आतल्या वायूतला वेग निघतो, हे त्यातून स्पष्ट झाले. एर्न्स्ट क्लाडनी यांनी ऑर्गनची नळी निरनिराळ्या वायूंनी फुंकून असे वेग काढले आणि १८२९ साली पिएर द्युलाँ यांनी याच पद्धतीने अनेक वायूंच्या विशिष्ट उष्मांची गुणोत्तरे मिळवली. मात्र या मोजण्या कानाने स्वर जुळवण्यावर अवलंबून होत्या. नळीच्या तोंडाशी परिणामकारक लांबी किती धरायची हाही प्रश्न होता आणि नळी वाजती ठेवायला वायूही भरपूर लागे.

ध्वनी डोळ्यांना दाखवण्याची धडपड

क्लाडनी यांचे मोठे योगदान वेगळ्याच दिशेने आले. १७८७ साली लाइपझिग येथे प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात त्यांनी धातूच्या आणि काचेच्या पट्ट्यांवर वाळू पसरून कडेवर व्हायोलिनचा गज फिरवण्याचा प्रयोग मांडला. पट्टी कंप पावू लागली की वाळू उडत उडत ज्या रेषा स्थिर असतात तिथे जमते आणि सुंदर आकृत्या उमटतात. क्लाडनी युरोपभर हिंडून हे प्रयोग लोकांना दाखवत. १८०९ साली त्यांनी पॅरिसमध्ये नेपोलियनसमोर ते केले आणि आपल्या ध्वनिशास्त्रावरच्या ग्रंथाच्या फ्रेंच आवृत्तीसाठी ६,००० फ्रँकची मदत मिळवली. या आकृत्यांचा गणिती उलगडा करण्यासाठी फ्रान्समध्ये पारितोषिक जाहीर झाले. ते १८१६ साली सोफी जेर्मँ यांना मिळाले.

क्लाडनी यांच्या प्रयोगाने ध्वनीचे कंपन दृश्य झाले, पण ते घन पदार्थातले. हवेतले कंपन दाखवणे अवघड होते. फेलिक्स सावार आणि इंग्लंडमधले विल्यम हॉपकिन्स यांनी त्यासाठी पातळ पडदा वापरला. ताणलेल्या पडद्यावर वाळूचे कण टाकून तो दोऱ्याने नळीत सोडायचा. हवा हलत असेल तिथे कण नाचतात, निस्पंदाशी पोहोचले की स्वस्थ होतात. या रीतीने नळीत निस्पंद असतात याची खात्री पटली, पण पडदा आत गेल्यामुळे नळीतल्या हवेचे कंपन थोडेफार बिघडे आणि एका वेळी एकाच जागेची तपासणी होई.

मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली एक बारीक पण मोलाचे निरीक्षण नोंदवले. क्लाडनींच्या पट्टीवर वाळू स्थिर रेषांवर जमते. पण अगदी हलकी भुकटी टाकली तर ती उलट जास्तीत जास्त हलणाऱ्या भागांवर गोळा होते. पट्टीच्या कंपनामुळे तिच्या लगतच्या हवेत लहान लहान प्रवाह सुरू होतात आणि ते भुकटीला वाहून नेतात, असे स्पष्टीकरण त्यांनी दिले. कंपनातून संथ वारा निर्माण होतो, ही कल्पना पुढे कुंट यांची नळी समजून घेताना उपयोगी पडली.

मूळच्या जर्मनीतल्या रुडॉल्फ कोनिग यांनी तिसरा मार्ग काढला. पॅरिसमध्ये ते ध्वनिशास्त्राची उपकरणे तयार करत. त्याआधी त्यांनी व्हियोम या प्रसिद्ध व्हायोलिनकारांकडे उमेदवारी केली होती. १८६२ साली लंडनच्या प्रदर्शनात त्यांनी ऑर्गनची एक नळी मांडली. तिच्या भिंतीत पातळ पडद्याने झाकलेल्या लहान कुप्या होत्या आणि प्रत्येक कुपीतून गॅसची छोटी ज्योत जळत होती. नळी वाजली की निस्पंदाशी असलेली ज्योत थरथरे, कारण हवा जिथे हलत नाही तिथेच दाबाचा चढउतार सर्वांत जास्त असतो. प्रस्पंदाशी असलेली ज्योत मात्र स्थिर राही. फिरत्या आरशात ज्योतीचे प्रतिबिंब दातेरी पट्ट्यासारखे दिसे. कोनिग यांची उपकरणे युरोप-अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांनी विकत घेतली. ध्वनी वर्गात दाखवता येतो हा विश्वास रुजवण्यात त्यांचा मोठा हात आहे.

१८६६ : भुकटी, काच आणि सळई

आउगुस्ट कुंट यांचा जन्म १८३९ साली श्वेरिन येथे झाला. लाइपझिग येथे शिक्षण सुरू करून ते बर्लिनला आले आणि गुस्टाव्ह माग्नुस यांचे विद्यार्थी झाले. माग्नुस यांनी आपल्या राहत्या घरीच प्रयोगशाळा उभारली होती आणि होतकरू तरुणांना तिथे मोकळीक होती. १८६४ साली प्रकाशावरच्या कामासाठी डॉक्टरेट मिळवल्यावर कुंट ध्वनीकडे वळले आणि दोनच वर्षांनी 'आनालेन डेअर फिजिक' या नियतकालिकात त्यांचा भुकटीच्या आकृत्यांवरचा लेख प्रसिद्ध झाला. घन पदार्थ आणि वायू यांच्यातला ध्वनीचा वेग या आकृत्यांवरून कसा काढायचा, हे त्यात दाखवले होते.

त्यांनी वापरलेली भुकटी लायकोपोडियमची होती. मुग्दल-शेवाळ्यासारख्या एका रानवनस्पतीचे हे पिवळसर बीजाणू. ते अत्यंत बारीक, हलके आणि कोरडे असतात, ओलावा धरत नाहीत आणि त्या काळी औषधांच्या गोळ्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून वापरले जात असल्याने औषधालयांत सहज मिळत. पहिल्या रूपात काचेची नळीच वाजवली जाई. आत थोडी भुकटी टाकून दोन्ही टोके बंद करायची, नळी मधोमध धरायची आणि ओल्या फडक्याने लांबीच्या दिशेने घासायची. काच तीक्ष्ण किंकाळीसारखा स्वर काढते आणि आतली भुकटी नळीभर समान अंतरांवर गोळा होते. काचेत ध्वनी हवेपेक्षा सुमारे १५ पट वेगाने जातो, म्हणून नळीच्या लांबीत हवेच्या अर्ध्या तरंगलांबीचे साधारण १५ भाग पडतात. ढीग मोजले की काचेतल्या आणि हवेतल्या वेगाचे गुणोत्तर हाती आले.

त्यानंतर कुंट यांनी स्वर काढणारी सळई आणि भुकटीची नळी वेगळी केली. आज ओळखीचे असलेले रूप हेच आहे. काचेची किंवा धातूची सळई मध्यभागी घट्ट धरलेली असते. तिच्या एका टोकाला नळीच्या व्यासापेक्षा थोडी लहान चकती बसवून ते टोक भुकटीच्या नळीत शिरवतात. चकती नळीच्या भिंतीला लागू द्यायची नाही. नळीचे दुसरे टोक दट्ट्याने बंद असते आणि तो मागेपुढे सरकवून नळीची लांबी जुळवता येते. धातूची सळई राळ लावलेल्या चामड्याने, काचेची सळई ओल्या फडक्याने घासायची. सळई लांबीच्या दिशेने कंप पावते, चकती हवेला तोच कंप देते आणि दट्ट्या योग्य जागी आला की भुकटी एकाएकी जागी होते.

या मांडणीतले खरे सौंदर्य तिच्या हिशेबात आहे. सळई मध्यभागी धरल्यामुळे तिथे निस्पंद आणि दोन्ही टोकांना प्रस्पंद असतात. म्हणजे सळईची लांबी ही सळईतल्या तरंगाची अर्धी लांबी. भुकटीच्या लगतच्या दोन ढिगांमधले अंतर ही हवेतल्या तरंगाची अर्धी लांबी. दोन्हीकडे वारंवारता एकच आहे. म्हणून सळईच्या लांबीला ढिगांमधल्या अंतराने भागले, की सळईतला वेग हवेतल्या वेगाच्या किती पट आहे ते कळते. पितळेची सळई १०० सेंटिमीटर लांब असेल आणि ढिगांमध्ये ९.२ सेंटिमीटर अंतर पडले, तर पितळेतला वेग हवेतल्यापेक्षा जवळजवळ ११ पट. स्वराची उंची ओळखण्याची गरज नाही, घड्याळही नको. एका मोजपट्टीवर काम भागते. मोजणी अधिक नेमकी करायची असेल तर अनेक ढिगांमधले एकूण अंतर मोजून त्यांच्या मधल्या भागांच्या संख्येने भागायचे.

हेच तंत्र वायूंना लावता आले. सळई तीच ठेवून नळीत हवेऐवजी दुसरा वायू भरला की वारंवारता बदलत नाही, फक्त ढिगांमधले अंतर बदलते. कुंट यांना हायड्रोजनमधला वेग हवेतल्यापेक्षा साडेतीन पटींहून थोडा अधिक आढळला आणि कार्बन डायऑक्साइडमधला सुमारे ०.८ पट. पुढे त्यांनी एकाच सळईची दोन टोके दोन नळ्यांमध्ये सोडून एकीत हवा आणि दुसरीत तपासायचा वायू ठेवला, म्हणजे एकाच क्षणी, एकाच स्वराला दोन्हींची तुलना होई. नळी फार अरुंद असेल तर ध्वनीचा वेग थोडा घटतो, हेही त्यांनी मोजून दाखवले. नळीच्या भिंतीशी होणारे घर्षण आणि भिंतीत झिरपणारी उष्णता यांमुळे ही घट होते, याचे गणित गुस्टाव्ह किर्खहोफ यांनी १८६८ साली मांडले.

पाऱ्याची वाफ आणि एका अणूचा रेणू

कुंट १८६८ साली झ्युरिकला प्राध्यापक झाले, १८७० साली व्यूर्त्सबुर्गला आणि १८७२ साली स्ट्रासबुर्गच्या नव्या जर्मन विद्यापीठात गेले. झ्युरिकपासून त्यांच्यासोबत एक तरुण साहाय्यक होता, व्हिल्हेल्म रोंटगेन. क्ष-किरणांचा शोध लावण्याच्या पंचवीस वर्षे आधी रोंटगेन यांनी प्रसिद्ध केलेला पहिला शोधनिबंध वायूंच्या विशिष्ट उष्मांच्या गुणोत्तरावरचाच होता. पुढे प्रकाशाचा दाब मोजणारे रशियन शास्त्रज्ञ प्योत्र लेबेदेव्ह हेही स्ट्रासबुर्गला कुंट यांच्या हाताखाली शिकले.

या काळात वायूंचा गतिज सिद्धांत एका पेचात सापडला होता. वायू म्हणजे सतत धावणारे रेणू, असे हा सिद्धांत मानतो. रेणू केवळ धावत असेल, तर वायूला दिलेली सगळी उष्णता त्याच्या धावण्यात खर्च होते आणि विशिष्ट उष्मांचे गुणोत्तर ५/३, म्हणजे सुमारे १.६७ यायला हवे. रेणू गरगर फिरत किंवा आतल्या आत कंप पावत असेल तर उष्णतेचा काही वाटा तिकडे जातो आणि गुणोत्तर कमी येते. तोवर मोजलेल्या कोणत्याही वायूत १.६७ हा आकडा सापडला नव्हता. हवेचे १.४ हे मूल्यही जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांच्या गणिताशी जुळत नव्हते आणि रेणू सिद्धांतापुढची ही सर्वांत मोठी अडचण आहे असे ते मानत.

पाऱ्याच्या वाफेचा एक रेणू म्हणजे एकच अणू, असे रसायनशास्त्रज्ञ वाफेच्या घनतेवरून सांगत होते. ते खरे असेल तर आकडा ५/३ यायला हवा. कुंट आणि त्यांचे सहकारी एमिल वारबुर्ग यांनी स्ट्रासबुर्गला हीच परीक्षा घेतली. नळीत पाऱ्याची वाफ कोंडायची, ती वाफच राहावी म्हणून नळी सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापवलेल्या पेटीत ठेवायची, बाहेर आलेली सळई घासून स्वर काढायचा आणि नळी निवल्यावर भुकटीच्या खुणा मोजायच्या. इतक्या तापमानाला टिकेल अशी भुकटी निवडणे आणि वाफेत हवेचा अंशही राहू न देणे, ही कसोटीची कामे होती. १८७६ साली प्रसिद्ध झालेले उत्तर १.६७ होते. गतिज सिद्धांताने भाकीत केलेला आकडा प्रथमच प्रयोगात मिळाला. त्याच वर्षी लुडविग बोल्ट्झमान यांनी दोन अणूंचा ताठ रेणू कल्पून हवेच्या १.४ या आकड्याचाही अर्थ लावला. अणू खरोखर आहेत की ती केवळ सोयीची कल्पना आहे, असा वाद चालू असलेल्या त्या काळात या निष्कर्षाचे वजन मोठे होते.

भुकटी का गोळा होते

नळी अचूक उत्तरे देत होती, पण भुकटी नेमकी का गोळा होते हे कुंट यांच्यानंतरही काही वर्षे पुरते उलगडले नव्हते. हवा तर एका सेकंदात हजारो वेळा पुढेमागे होते. एवढ्या जलद हेलकाव्यात कण एका बाजूला कसे सरकतील? याचा उलगडा इंग्लंडच्या लॉर्ड रॅले यांनी केला. ध्वनिशास्त्राचा आधारग्रंथ ठरलेल्या 'द थिअरी ऑफ साउंड' या त्यांच्या पुस्तकाचे दोन खंड १८७७ आणि १८७८ साली निघाले. त्याचे लेखन १८७२ साली नाईल नदीवरच्या नौकेत सुरू झाले होते. १८८४ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात रॅले यांनी दाखवले, की हवेची चिकटता आणि नळीची भिंत यांच्यामुळे स्थिर तरंगासोबत हवेचे संथ अभिसरणही सुरू होते. फॅरडे यांनी पट्टीवर पाहिलेल्या प्रवाहांचाच हा नळीतला प्रकार. भुकटीला निस्पंदांकडे नेण्यात या प्रवाहांचा वाटा असतो.

स्वर चालू असताना प्रस्पंदांच्या भागात भुकटीच्या बारीक आडव्या रेघा उभ्या राहतात. त्यांचे कारण वेगळे आहे. हेलकावणाऱ्या हवेत शेजारी शेजारी असलेल्या कणांभोवतून हवा वाहताना त्यांच्यात आकर्षण-प्रतिकर्षण निर्माण होते आणि कण आडव्या रांगा धरतात. हे स्पष्टीकरण १८९१ साली वाल्टर कोनिग यांनी दिले.

आर्गॉनचा निवाडा

कुंट यांच्या नळीची सर्वांत गाजलेली कामगिरी त्यांच्या मृत्यूनंतरची आहे. १८८८ साली हेल्महोल्ट्झ यांच्या जागी बर्लिनला आलेले कुंट मे १८९४ मध्ये, वयाच्या ५४ व्या वर्षी वारले. त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच, १३ ऑगस्ट १८९४ रोजी ऑक्सफर्डच्या सभेत रॅले आणि विल्यम रॅम्झी यांनी हवेत एक नवा वायू असल्याचे जाहीर केले.

शोधाची सुरुवात वजनाच्या काट्यावर झाली होती. हवेतून मिळवलेला नायट्रोजन रसायनांपासून मिळवलेल्या नायट्रोजनपेक्षा सुमारे अर्धा टक्का जड भरतो, हे रॅले यांना १८९२ साली आढळले. हवेतून मिळवलेल्या या नायट्रोजनमधला खरा नायट्रोजन काढून टाकल्यावर मागे थोडा वायू उरला, जो कशाशीही संयोग पावत नव्हता. हायड्रोजनशी तुलना करता त्याची घनता सुमारे २० होती, म्हणजे रेणुभार सुमारे ४०. पुढचा प्रश्न रेणूत अणू किती, हा होता. दोन असतील तर अणुभार २० आणि आवर्तसारणीत फ्लोरिन व सोडियम यांच्यामध्ये त्याला सोयीची जागा. एकच असेल तर अणुभार ४०, म्हणजे पोटॅशियमहून जड, आणि सारणीची मांडणी अडचणीत. तीन नायट्रोजन अणूंचा हा रेणू असावा, अशी शंका आवर्तसारणी मांडणाऱ्या खुद्द मेंडेलीव्ह यांनी घेतली.

एरवी असा प्रश्न रसायनशास्त्रज्ञ संयुगे बनवून सोडवतात. हा वायू संयुग बनवतच नव्हता, त्यामुळे ती वाट बंद होती. उरला मार्ग ध्वनीचा. रॅम्झी यांनी हाती असलेला तुटपुंजा वायू बारीक नळीत भरला आणि भुकटीच्या ढिगांमधले अंतर मोजले. गुणोत्तर ५/३ च्या अगदी जवळ आले. पाऱ्याच्या वाफेशी ते जुळत होते आणि दोन किंवा तीन अणूंच्या रेणूशी जुळत नव्हते. ३१ जानेवारी १८९५ रोजी रॉयल सोसायटीपुढे मांडलेल्या निबंधात हा पुरावा मध्यवर्ती होता. आर्गॉन असे नाव मिळालेला हा वायू एकाणवी, म्हणजे एका अणूच्या रेणूचा, ठरला. त्याच वर्षी रॅम्झी यांना पृथ्वीवर सापडलेला हेलियमही याच परीक्षेत एकाणवी निघाला. १८९८ साली निऑन, क्रिप्टॉन आणि झेनॉन मिळाले आणि आवर्तसारणीत निष्क्रिय वायूंचा नवा स्तंभ उभा राहिला. आर्गॉन आणि पोटॅशियम यांच्या क्रमाचा पेच १९१३ नंतर, मोझली यांच्या कामामुळे अणुभाराऐवजी अणुक्रमांक आधाराला आल्यावर सुटला. १९०४ साली रॅले यांना भौतिकीचे आणि रॅम्झी यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

ज्योतींची नळी आणि वर्गातली उपकरणे

विसाव्या शतकाच्या आरंभी या प्रयोगाला आणखी देखणे रूप मिळाले. हाइनरिख रूबेन्स हे कुंट यांचे विद्यार्थी. स्ट्रासबुर्गहून ते गुरूंपाठोपाठ बर्लिनला आले होते. १९०० साली त्यांनी केलेल्या उष्णता-प्रारणाच्या मोजण्यांनी माक्स प्लांक यांना क्वांटम सूत्राकडे नेले. १९०५ साली रूबेन्स आणि ओटो क्रीगर-मेन्झेल यांनी सुमारे ४ मीटर लांबीच्या धातूच्या नळीवर ओळीने बारीक भोके पाडून तीत ज्वालाग्राही गॅस भरला आणि भोकांशी ज्योती पेटवल्या. नळीच्या टोकाशी स्वर निघाला की सारख्या उंचीच्या ज्योती लाटेचा आकार घेतात. स्वर चढवला की लाटा आखूड होतात, उतरवला की लांब. भुकटी स्वर संपल्यावरही खूण ठेवते. ज्योती त्याच क्षणी उत्तर देतात, त्यामुळे मोठ्या व्याख्यानगृहात शेवटच्या रांगेलाही तरंग दिसतो. ज्योती कोणत्या जागी सर्वांत उंच होतील, हे गॅसचा दाब आणि स्वराची तीव्रता यांवर ठरते. म्हणून या नळीवर ज्योतींच्या लगतच्या शिखरांमधले अंतरच मोजावे, ते अर्ध्या तरंगलांबीइतके असते. ज्वालाग्राही गॅस आणि उघड्या ज्योती यांमुळे हा प्रयोग हवेशीर जागी, जाणत्या शिक्षकांनीच करायचा असतो.

महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत सर्वाधिक रुळलेले उपकरण मात्र अनुस्पंदन नळी हे आहे. महाराष्ट्रात अकरावी-बारावीचे विद्यार्थी ते हाताळतात. उभ्या नळीत पाण्याची पातळी वरखाली करता येते. नळीच्या तोंडाशी नादकाटा वाजवून धरायचा आणि पाणी हळूहळू उतरवायचे. हवेच्या स्तंभाची लांबी तरंगलांबीच्या चौथ्या भागाएवढी झाली की आवाज एकदम भरून येतो. पाऊण तरंगलांबीला तो पुन्हा भरतो. ५१२ हर्ट्झचा नादकाटा असेल तर या दोन जागांमध्ये खोलीच्या तापमानाला साडेतेहतीस सेंटिमीटरच्या आसपास अंतर पडते. त्याच्या दुपटीला ५१२ ने गुणले की ध्वनीचा वेग मिळतो. प्रस्पंद नळीच्या तोंडाशी नसून व्यासाच्या सुमारे ०.३ पट वर असतो. दोन जागांची वजाबाकी केली की ही चूक आपोआप कटते. बेर्नुली आणि द्युलाँ यांना अडवणाऱ्या टोकाच्या दुरुस्तीवरचा हा सोपा उपाय आहे.

कुंट यांच्या नळीनेही काळानुसार रूप बदलले. घासायच्या सळईच्या जागी ध्वनिवर्धक आणि स्वरनिर्माता यंत्र आले, काचेऐवजी अ‍ॅक्रिलिकची नळी आली आणि लायकोपोडियमऐवजी थर्मोकोलचे बारीक मणी. लायकोपोडियमची भुकटी हवेत उडाली तर पेट घेऊ शकते आणि काहींना तिची अ‍ॅलर्जीही होते. म्हणून हा बदल शहाणपणाचा आहे. वारंवारता ठरवता येत असल्यामुळे आज वर्गात थेट वेग काढता येतो. खोली किती तापली आहे याची नोंद मात्र घ्यावी लागते, कारण तापमान एका अंशाने वाढले की हवेतला ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो.

परिणाम

कुंट यांच्या नळीचा एक वारसा वास्तुध्वनिशास्त्रात चालू आहे. नळीच्या टोकाशी दट्ट्याऐवजी नमदा, फेस किंवा छताचा तक्ता यांसारखा पदार्थ बसवला, तर तो काही ध्वनी शोषतो आणि परतणारा तरंग दुबळा होतो. मग निस्पंद पूर्ण शांत राहत नाहीत. सरकत्या मायक्रोफोनने प्रस्पंद आणि निस्पंद यांच्याशी असलेल्या दाबाची तुलना केली, की तो पदार्थ किती टक्के ध्वनी शोषतो ते कळते. नाट्यगृहे, ध्वनिमुद्रण कक्ष आणि वाहने यांच्यासाठी लागणाऱ्या पदार्थांची परीक्षा अशा नळ्यांत होते आणि त्यासाठी आंतरराष्ट्रीय मानकही आहे.

दुसरा वारसा तापमानाच्या एककापर्यंत पोहोचला. आर्गॉन आणि हेलियम एकाणवी असल्यामुळे विरळ अवस्थेत त्यांचे गुणोत्तर ५/३ धरता येते. मग ध्वनीचा वेग, तापमान आणि अणुभार यांवरून वायूचा सार्वत्रिक स्थिरांक काढता येतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत मायकेल मोल्डओव्हर आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली आर्गॉनने भरलेल्या धातूच्या गोलात स्थिर ध्वनितरंग उभे करून तो अत्यंत अचूकपणे मोजला. अशा मोजण्या अनेक देशांत अधिक काटेकोर होत गेल्या. त्यांच्या आधारे बोल्ट्झमान स्थिरांकाचे, म्हणजे एका रेणूमागच्या वायू स्थिरांकाचे, मूल्य कायमचे निश्चित झाले आणि २० मे २०१९ पासून केल्विन या एककाची व्याख्या त्यावर बेतली गेली.

मैदानातल्या तोफांऐवजी मेजावरच्या नळीत मोजणी आली, तेव्हा ध्वनीचा वेग हा हवेचा एक गुणधर्म न राहता कोणत्याही वायूच्या रेणूची रचना सांगणारा साक्षीदार झाला. ते शक्य झाले, कारण कुंट यांनी कानाने जोखायची गोष्ट लांबीत रूपांतरित केली. वर्गात हा प्रयोग करताना विद्यार्थ्यांना केवळ तरंगाचा आकार दाखवून थांबू नये. ढिगांमधले अंतर मोजून त्यावरून वेग आणि वेगावरून गुणोत्तर काढले, तर दीडशे वर्षांपूर्वी ज्या तर्काने एका अणूचा रेणू ओळखला गेला तो सगळा तर्क त्यांना तासाभरात स्वतःच्या हाताने पडताळता येतो.